ज्यांचं नाव विचारायचं राहिलं, त्यांचे मनापासून आभार

बाबांची 2003 सालची गाडी. गेल्या आठवड्यात ठाण्यात माजिवड्याच्या सिग्नलला ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं. घरी येऊन पाहिलं तर ब्रेक ऑइलची पातळी मिनिममच्या खाली आणि मागच्या डाव्या चाकाच्या आत ओलावा. मी गाडी जागची हलवली नाही.

शेजारच्या सोसायटीतले एक काका स्वतःहून खाली आले. चाकाचा ब्रेक ड्रम उघडून व्हील सिलिंडरवरचं (ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणारा भाग) रबरी टोपण त्यांनी बोटाने उचललं, तसं आतून तपकिरी ऑइल टपकलं. आतलं रबर कडक होऊन चिरलं होतं. "नुसतं रबराचं किट नको, सिलिंडर गंजलाय. ब्रेकचे लायनरही बदला, ऑइल प्यायलंय त्यांनी," ते म्हणाले.

वागळे इस्टेटमधल्या तीन दुकानांत नकार मिळाला. चौथ्या दुकानातल्या मुलाने माझा जुना सिलिंडर मापून पाहिला, फोन फिरवले आणि कुर्ल्याच्या एका दुकानात नवीन जोडी माझ्यासाठी बाजूला ठेवायला लावली. स्वतःचं गिऱ्हाईक सोडून! कुर्ल्याच्या दुकानदाराने डॉट 3 ब्रेक ऑइलची सीलबंद बाटलीच घ्यायला लावली, कारण उघडी बाटली हवेतला ओलावा ओढते.

रविवारी काकांनी चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढली, मी पेडल दाबत होतो. आता ब्रेक वरच लागतो.

काका, वागळेचा तो मुलगा, कुर्ल्याचे दुकानदार, तुमचे खूप खूप आभार. काल आईला घेऊन कळव्याला जाऊन आलो.