मेंदू ‘आकसला’, पण मोजला कशाने?

महोदय,

झोपेमुळे, मोबाइलमुळे, वयामुळे मेंदू आकसल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. टक्केवारी ठळक असते. ती काढली कशी, याची मात्र ओळही नसते. मी जळगावात एमआरआय तंत्रज्ञ आहे, म्हणून जास्तच खटकते.

एमआरआयमध्ये मेंदू कोणी तराजूत घालत नाही. हाती येतात ती चित्रे. त्यांतली कवटी आणि आवरणे सोलायची, ग्रे मॅटर, म्हणजे मेंदूचा करडा भाग, नेमके कुठे संपते ते ठरवायचे, हे काम सॉफ्टवेअर करते. रावेरचा व्यापारी केळीचा घड दांड्यासकट तोलतो की दांडा वजा करून, यावर हिशेब फिरतो ना, तसेच हे. फ्रीसर्फर हे संशोधकांचे नेहमीचे सॉफ्टवेअर. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेच स्कॅन त्याच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांतून काढले, तर मेंदूच्या भागांच्या आकारमानात सरासरी 8.8 टक्के फरक आला. नुसता संगणक बदलला तरी थोडा फरक पडलाच. उतारवयात अख्खा मेंदू वर्षाला जेमतेम अर्धा टक्का आटतो, हे शेजारी ठेवून पाहा.

त्यात हालचाल. ‘आबा, डोके हलवू नका’ म्हटले की आबा मान हलवूनच ‘हो’ म्हणतात! कानांशी फोम लावला तरी पाचेक मिनिटांच्या एका सलग स्कॅनमध्ये डोके किंचित सरकतेच. कडा पुसट होतात आणि सॉफ्टवेअर ग्रे मॅटर कमी मोजते. म्हातारी माणसे आणि लहान मुले जास्त हलतात. मग दोन गटांतला फरक मेंदूचा किती नि हालचालीचा किती?

2019 साली हैदराबादच्या ट्रिपल आयटी (IIIT) या संस्थेने 100 भारतीयांच्या स्कॅनवरून मेंदूचा नकाशा तयार केला. परदेशी डोक्यांवरून बेतलेल्या नमुन्याशी आपला मेंदू ताडला तर धडधाकट माणूसही आजारी ठरू शकतो, म्हणून हा नकाशा हवा होता. मथळे कसले आले? ‘भारतीयांचा मेंदू लहान’.

पुढच्या वेळी एवढे तरी छापा: सगळे स्कॅन एकाच मशिनवरचे होते का, सॉफ्टवेअरच्या एकाच आवृत्तीतून गेले का, आणि डोक्याच्या मापाचा हिशेब धरला का.

वाचकांनीही जळगावचा आणि नाशिकचा रिपोर्ट शेजारी धरून ‘मेंदू आणखी आटला का’ असे ठरवू नये. शक्यतो त्याच सेंटरला जावे आणि नुसती फिल्म नव्हे, जुन्या स्कॅनची सीडीही सोबत न्यावी.

– एक एमआरआय तंत्रज्ञ, जळगाव