बागेतल्या लाकडी कट्ट्याच्या फळ्या रविवारी बदलणार

सभासदहो,
टिळकवाडीतल्या आपल्या बागेतील कट्ट्याच्या कुजलेल्या फळ्या येत्या रविवारी सकाळी ८ पासून बदलायच्या आहेत. मिरगाच्या आत हे उरकायलाच हवं.

• शनिवार संध्याकाळपासून कट्ट्यावर कुणी बसू नये, मुलांना तर पाठवूच नका. वरून धड दिसणारी फळीही स्क्रू ड्रायव्हर टोचला की भुसभुशीत निघते.
• पहार, ड्रिल असल्यास आणा.
• नव्या सागवानी फळ्यांना, कापलेल्या टोकांनाही, आधी तेल लावायचं. दोन फळ्यांत ५ मिमी फट हवीच. गेल्या खेपेला चिकटवून ठोकल्या, पाणी मुरलं, म्हणून ही वेळ आली.

खालच्या तुळयाच कुजलेल्या निघाल्या तर काम थांबवून सुताराला बोलावू. चहा-पोहे समितीकडून, कुणी कुंदा आणला तर नको म्हणणार नाही!

– सचिव