मॉडेलच्या जाळ्याचा आस केवढा, तेही छापा

महोदय,

अटलांटिक महासागरातला उष्ण पाण्याचा मोठा प्रवाह या शतकात मंदावणार, ही बातमी आपल्या अंकात वाचली. विषय गंभीर आहे आणि तो ठळकपणे छापल्याबद्दल आपले आभार. पण ज्या कॉम्प्युटर मॉडेलांवरून हे भाकीत केले, त्यांनी समुद्र ज्या चौकोनांत वाटून हिशेब केला, ते चौकोन केवढे होते, हे बातमीत कुठेच नव्हते.

मी बावीस वर्षे समुद्र संशोधनाच्या जहाजांवर उपकरणे सांभाळली. खारटपणा, तापमान आणि खोली मोजणारे सीटीडी नावाचे यंत्र विंचवरून पाण्यात सोडायचे आणि स्क्रीनवर रेघ नीट उमटते का ते पाहायचे, हे माझे काम. एका जानेवारीत आम्ही केरळ आणि लक्षद्वीप यांच्या मधल्या पाण्यात होतो. आदल्या दिवशीच्या ठिकाणी ज्या खोलीला तापमान झपाट्याने उतरू लागले होते, ती खोली यंत्राने ओलांडली तरी रेघ सरळच. आणखी तीसेक मीटर खाली गेल्यावर ती वळली. मला वाटले, सेन्सर बिघडला. यंत्र वर काढले, गोड्या पाण्याने धुतले, पुन्हा सोडले. तीच रेघ. तोवर वायर तिरकी झाली होती, आणि जहाज आदल्या दिवसाच्या उलट बाजूला वाहत चालले होते. यंत्र ठणठणीत होते. आम्हीच एका प्रचंड भोवऱ्यात उभे होतो.

त्या भोवऱ्याला ‘लक्षद्वीप हाय’ म्हणतात. दरवर्षी हिवाळ्यात तो आपल्या नैऋत्य किनाऱ्याजवळ तयार होतो आणि हळूहळू पश्चिमेकडे सरकतो. बंगालच्या उपसागराकडून किनारा धरून येणाऱ्या लाटांशी त्याचे नाते काय, हे गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शंकर आणि शेट्ये यांनी १९९७ मध्ये उलगडून दाखवले.

भोवरा म्हटले की आपल्याला नदीत माणूस ओढून नेणारा भोवरा आठवतो. हे तसे नव्हेत. बहुतेक साधारण पन्नास ते दोनशे किलोमीटर रुंद, शेकडो मीटर खोल, महिनोन्महिने फिरणारे. बोटीतून ते दिसतही नाहीत. शास्त्रज्ञांनाही ते उशिरा सापडले. १९६० च्या सुमारास जॉन स्वॅलो यांनी बर्म्युडाच्या पश्चिमेला खोल पाण्यात तरंगत राहणारे फ्लोट सोडले. तिथले पाणी अगदी संथपणे सरकत असेल, असा सगळ्यांचा समज होता. फ्लोट मात्र अपेक्षेच्या कितीतरी पट वेगाने आणि भलत्याच दिशांना गेले. समुद्राच्या प्रवाहांतली बहुतेक गतिज ऊर्जा या भोवऱ्यांतच आहे, हे आता माहीत झाले आहे.

आमच्या शेजारच्या तांडेलाने, म्हणजे मासेमारी बोटीच्या प्रमुखाने, ही बातमी वाचून मला विचारले, की मशीन एवढा मोठा समुद्र बघते कसे? मी म्हटले, समुद्रावर जाळे टाकल्यासारखे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनाचा हिशेब करतात. त्याने लगेच विचारले, “मगे आस केवढो?” आस म्हणजे जाळ्याच्या एका भोकाची रुंदी. जाळ्याच्या आसावरून काय हाताला लागणार आणि काय निसटणार ते ठरते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. हवामानबदलाच्या बहुतेक मॉडेलांचा आस आजही शंभर किलोमीटरच्या आसपास असतो. त्यातून बहुतेक भोवरे निसटतात. आस निम्मा केला की गणिताचे काम आठ-दहा पटींनी वाढते; शंभराचे दहा किलोमीटर करायचे तर साधारण हजार पटींनी.

मग निसटलेल्या भोवऱ्यांचे काय करायचे? त्यांचा परिणाम सूत्राने धरतात. पूर्वी नुसते आडवे मिश्रण धरत, त्यामुळे वेगवेगळ्या घनतेचे पाणी मॉडेलमध्ये एकमेकांत उगाच मिसळत असे. १९९० मध्ये अमेरिकेतील पीटर जेन्ट आणि जेम्स मॅकविल्यम्स यांनी चांगले सूत्र दिले. समान घनतेचे थर कलले की भोवरे त्यांचा उतार कमी करतात, आणि पाणी थर न ओलांडता त्यांच्यावरून सरकते, हे त्याचे सार. मॉडेलमधला समुद्र भरकटू नये म्हणून उष्णतेचे आकडे हाताने दुरुस्त करावे लागत, ती गरज पुढे कमी झाली, त्यात या सूत्राचा वाटा मोठा आहे.

पण सूत्र म्हणजे भोवरा नव्हे. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रावर गेल्या काही दशकांत पश्चिमेचे वारे जोरदार झाले. ढोबळ मॉडेलात वारा वाढला की तिथला प्रवाहही वाढतो. बारीक आसाच्या मॉडेलात मात्र वाऱ्याची जादा ताकद बरीचशी भोवऱ्यांत जाते आणि प्रवाह फारसा वाढत नाही. प्रत्यक्ष मोजमापांतही घनतेच्या थरांचा उतार वाढलेला आढळला नाही.

आपल्या बातमीतल्या प्रवाहाचेही तेच. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी वर्षाला पाच-सहा मोठे भोवरे सुटतात आणि आपल्या हिंदी महासागराचे उबदार, खारट पाणी अटलांटिकमध्ये नेऊन टाकतात. तो प्रवाह तिथून पुढे उत्तरेकडे जातो. एवढी मोठी घटना ढोबळ मॉडेलात एकसारख्या ओघळासारखी उमटते.

या पत्राच्या आधाराने कोणी मॉडेले खोटी आहेत असे म्हणू लागले, तर मला फार वाईट वाटेल. मॉडेले करणारी माणसे किती कष्टाने ही गणिते बांधतात, ते मी जहाजावर रात्ररात्र त्यांच्यासोबत जागून पाहिले आहे. समुद्र तापतोय, यात मला तसूभरही शंका नाही. कोणता प्रवाह कधी आणि किती मंदावेल, हे मात्र आसावर अवलंबून आहे.

म्हणून विनंती एवढीच, की पुढच्या वेळी बातमीच्या शेवटी एक ओळ द्यावी: ‘या मॉडेलचे चौकोन सुमारे इतक्या किलोमीटरचे असून भोवरे प्रत्यक्ष धरले आहेत’ किंवा ‘सूत्राने धरले आहेत’. आमच्या तांडेलाला ती बरोबर कळेल.

आपला,
एक निवृत्त तंत्रज्ञ, वेंगुर्ले