पहिला गिअर बघ, मोटर नंतर

स्टुटगार्ट, रविवार रात्र

प्रिय पश्या,

चढासाठी हब गिअरची इ-सायकल कुठली घेऊ, हा तुझा मेसेज वाचला आणि आधी पाच मिनिटं हसलो. ब्रेमेनमध्ये चार वर्षं उड्डाणपुलाला चढ म्हणणारा माणूस वुपरटालात, आणि तेही थेट ओल्बर्गवर घर घेतो, म्हणजे आता दूध-ब्रेड आणायचेही वांधे. (बाकी गावात वीज आली तरी तिथे रॉकेलचेच दिवे होते म्हणून तेलाचा डोंगर हे नाव पडलं असं सांगतात, तुझ्या घरमालकाला विचार.) तू पाठवलेली ती ९०० युरोच्या इ-सायकलची जाहिरात बघितली. घेऊ नकोस. रागावू नको, कारण सांगतो.

त्यात 'हब' लिहिलंय ते बघून तुला वाटलं हेच ते, पण तो हब मोटरचा आहे, गिअरचा नाही. हब गिअर म्हणजे मागच्या चाकाच्या मधोमध बंद डब्यात सगळी दातेरी चक्रं, बाहेर फक्त एक चेन. पाऊस, चिखल, थंडीत रस्त्यावर टाकतात ते मीठ, आतल्या चक्रांना काही लागत नाही आणि मुख्य म्हणजे उभ्या उभ्या गिअर बदलतो, चढावरच्या सिग्नलला चुकीच्या गिअरमध्ये अडकलास की याची किंमत कळते. पण मागचा हब असा गिअरने भरला की मोटर बसवायला दोनच जागा उरतात, पुढचं चाक नाहीतर पायडलपाशी. स्वस्तातली असते ती पुढच्या चाकात.

आणि ते पाप मी केलंय. तसली पुढच्या चाकात मोटरवाली ऑनलाइन घेतली होती, कंपनीचं नाव सोड. नोव्हेंबरात आमच्या इथल्या आल्टे वाइनश्टायग रस्त्याच्या चढाला लागलो, रस्त्यावर ओला पाला, चढावर आपलं सगळं वजन मागे जातं आणि पुढचं चाक हलकं होतं, तर ते चाक घर्रर्र करत जागच्या जागी फिरतंय आणि मी तिथेच, मागून एक आजी चालत आली आणि पुढे निघून गेली. नंतर कोरड्या रस्त्यावर पण प्रयत्न केला, सहा-सातच्या स्पीडला मोटर कण्हायला लागली आणि गरम होऊन बंदच पडली. त्यात मोटरचा दोष नाही रे, चाकातल्या मोटरचा वेग चाकाच्या वेगाशीच बांधलेला असतो, तिला तुझ्या गिअरचा काही उपयोग नाही, चाक हळू झालं की करंट सगळा उष्णतेत जातो. पायडलपाशी असलेली मोटर तुझ्या पायांसारखीच चेन ओढते, म्हणजे तू गिअर हलका केलास की तिलाही हलका होतो. त्या दिवशी सायकल उतारावरून परत मारियनप्लात्झला आणली (उतारावर मात्र झकास पळाली) आणि त्साकेमध्ये घातली. त्साके म्हणजे आमची दातेरी रुळांची गाडी, १८८४ पासून डेगरलोखला चढतेय, १७.८ टक्के चढ आहे एके ठिकाणी, आणि वर जाताना पुढे सायकलींचा वेगळा डबा असतो.

आता खरा मुद्दा. दुकानात सगळे मोटरचा टॉर्क (म्हणजे फिरवायचा जोर) आणि बॅटरी सांगतील, तू फक्त पहिला गिअर किती हलका ते विचार. मी हिशोबच मांडला होता, पुढे ३८ दात, मागे १८, अठ्ठावीस इंची चाक, मिनिटाला ६० पायडल. शिमानोच्या ३ गिअरच्या हबला पहिल्या गिअरमध्येच ताशी १२ च्या वर जावं लागतं, ते तुझ्या बोळात कोणाचा बाप जाणार. ७ गिअरला साडेदहा. ८ गिअरला पावणेनऊ, आणि मागचं १८ दातांचं चाक काढून २० चं लावलं की आठच्याही खाली, म्हणजे रमतगमत. शेवटच्या गिअरचं काही जात नाही, तरी २४ च्या आसपास मिळतातच आणि २५ ला कायद्याने मोटर बंदच होते. म्हणून चेनऐवजी रबरी बेल्ट असलेली घेऊ नकोस, चेनवालीच घे, चेनला हे दातांचं चाक बदलणं स्वस्तात होतं. फक्त हबला किती हलकं चालतं याची मर्यादा असते, दुकानात एकदा विचार. रोहलॉफ कंपनीच्या हबचं नाव पण काढू नको, १४ गिअर आहेत, पण नुसता हब हजार युरोच्या वर.

मोटर ५० न्यूटन मीटर टॉर्कची बास. माझी बॉशची तेवढीच आहे. बॅटरी पण मोठी नको. सायकल, बॅग आणि माणूस मिळून १०० किलो धर, २०० मीटर उंची चढायला ५५ वॉट-अवर लागतात, त्यातले काही तुझे पाय देणार, थोडं वाया जाणार, बॅटरीतून ५० च्या आसपास. ४०० वॉट-अवरची बॅटरी रोजच्याला भरपूर, तुझा चढ तर त्याहून छोटा.

ब्रेकचं मात्र ऐक. ब्रेमेनची सवय म्हणून पायडल उलटं मारून लागणारा ब्रेक घेऊ नकोस, लांब उतारावर तो हब तापतो आणि आतलं ग्रीस पातळ होतं. हायड्रॉलिक डिस्क बघ किंवा मागुराचे रिम ब्रेक. गिअर टाकताना पायावरचा जोर अर्धा सेकंद सोडायचा, नाहीतर आतून खाट्‌ असा आवाज येतो आणि काळजात धस्स होतं.

नवीन घेऊच नको. ऑफिसच्या लीजच्या सायकली बहुतेक ३६ महिन्यांनी परत येतात, दुकानं सर्व्हिस करून विकतात, मला १५०० ला मिळाली. ट्रायल मागताना पार्किंगमध्ये गोल फिरू नकोस, पाठीला भरलेली सॅक लाव, जवळच्या सगळ्यात उभ्या चढावर जा, अर्ध्यात थांब आणि तिथून परत निघून दाखव. यवतेश्वरच्या घाटात भाड्याची अ‍ॅटलास घेऊन गेलो होतो तेव्हा दुसऱ्या वळणावर थांबलो आणि मग निघताच आलं नाही, आठवतंय ना, दोघं ढकलत वर, आणि तू म्हणालास की व्यायामच करायला आलोय.

ऑक्टोबरात येतोय तुझ्याकडे, नोर्डबानट्रासवर फिरू, जुना रेल्वेमार्ग आहे म्हणजे सपाट. त्याआधी सायकल पसंत पडली की पैसे द्यायच्या आधी मागच्या हबवर कोरलेला नंबर नीट पुसून त्याचा फोटो पाठव, पुढचे-मागचे दात मोज. २० दातांचं एक चाक माझ्याकडे जास्तीचं पडलंय, बसत असेल तर येताना घेऊन येतो.

तुझा,
मन्या