ती पांढरी रेघ

काका,

परवा फोनवर आभार मानायला लागले, तर "अहो, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषयच बदललात. त्याआधीही एकदा तसंच केलंत. म्हणून आता लिहिते आहे, आणि चारचौघांना वाचता येईल असं उघड लिहिते आहे. पाच महिने मला जे ऐकावं लागलं तेही चारचौघांतच होतं.

तुम्हाला यातली अर्धीच गोष्ट ठाऊक आहे. त्या सकाळी तुम्ही नेमबाजीच्या रेंजवर आलात तेव्हा मी बंदूक पेटीत ठेवून चेन लावत होते. सराव आटोपला असेल, असं तुम्हाला वाटलं असणार. सराव आटोपला नव्हता, मी खेळच सोडून निघाले होते. बंदूक विकायचं एकाशी बोलणंही करून ठेवलं होतं.

नेमासाठी हवेत जोडीने सुटणाऱ्या तबकड्यांना सेमी-ऑटोमॅटिक बंदूक घ्यायची ती एवढ्याचसाठी, की पहिला बार झाला की बंदुकीने आपण होऊन रिकामी पुंगळी बाहेर टाकावी आणि पुढचं काडतूस चेंबरमध्ये सरकवावं. माझी बंदूक पहिला बार काढायची आणि तिथेच थांबायची. कधी पुंगळी दारातच चिमटल्यासारखी अडकलेली. कधी ती बाहेर पडलेली, पण पुढचं काडतूस वर आलेलंच नाही. मी चाप ओढतेय आणि समोरून दुसरी तबकडी आख्खीच्या आख्खी जमिनीकडे उतरत जातेय. तिच्याकडे बघत उभं राहण्यासारखी लाज नाही. आजूबाजूला बहुतेकांकडे दुनाळी. त्यांच्या दुनाळीला असलं काही होत नाही, त्यामुळे प्रत्येकाकडे माझ्यासाठी एक सल्ला तयार असायचा.

पहिला आणि सगळ्यांचा आवडता सल्ला म्हणजे, खांदा सैल आहे. "घट्ट धरा, बंदूक मागे पळतेय तुमची." मी धरली घट्ट. इतकी घट्ट की उजव्या खांद्याखाली तळहाताएवढा हिरवट-जांभळा डाग उमटला आणि पुढे कित्येक आठवडे तो गेलाच नाही. एकाने तर माझ्यासमोरच दुसऱ्याला सांगितलं की बारा बोअर हे बायकांच्या अंगाचं काम नाही. मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर तोवर मलाही ते पटायला लागलं होतं, आणि त्याचाच आज सगळ्यात जास्त राग येतो.

मग कुणी तेल घालायला सांगितलं. घातलं. तरी अडते, तर अजून घाला म्हणाले. मग स्प्रिंग बदलून झाली. मग एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्यांनी बंदूक उघडूनही बघितली नाही. दोन बोटांनी नळी उचलली, खालच्या बाजूची गॅसची भोकं उजेडात धरली आणि म्हणाले, "ही बारीक आहेत. ड्रिलने मोठी करून देतो, दोन मिनिटांचं काम." कुठलं काडतूस वापरता, हेसुद्धा विचारलं नाही. त्या दिवशी त्यांच्याकडे नेमक्या मापाचं पातं नव्हतं, म्हणून माझी नळी वाचली. दुसऱ्या दिवशी बोलावलं होतं. मी गेले नाही. शहाणपणाने नव्हे, नुसता कंटाळा आला होता म्हणून.

तुम्ही आलात ते यानंतर आठवड्याभराने.

तुम्ही बंदुकीला हात लावायच्या आधी खाली वाकलात आणि माझ्या पायाशी पडलेल्या पुंगळ्या बघितल्यात. त्या सगळ्या हाताच्या अंतरावर, एकाच ढिगात पडल्या होत्या. शेजारच्या लेनवर एकजण सेमी-ऑटोनेच नेमबाजी करत होते, त्यांच्या पुंगळ्या चांगल्या चार-पाच पावलांवर जाऊन पडत होत्या. तुम्ही एक पुंगळी उचललीत, तिच्यावरचा छर्ऱ्यांच्या वजनाचा आकडा वाचलात आणि विचारलंत, "चोवीस ग्रॅम?" मी हो म्हणाले. "आणि तुमच्याआधी ही कुणाकडे होती?" ज्यांच्याकडे होती ते 36 ग्रॅमच्या खाली कधी उतरलेच नव्हते. ते ऐकल्यावर तुमचा चेहरा मोकळा झाला. मला तेव्हा कळलं नाही, पण तुम्हाला दुखणं तिथेच सापडलं होतं.

मग बंदूक रिकामी करून, चेंबरमध्ये बोट घालून खात्री करून, काडतुसं दुसऱ्या टेबलावर लांब ठेवून तुम्ही ती उघडलीत. आत काय निघालं ते आपण दोघांनी बघितलं. मॅगझीनच्या, म्हणजे काडतुसं साठवायच्या नळीवर काळा, चिकट लगदा. मी भक्तिभावाने घातलेलं तेल आणि बाराची काजळी यांचा तो गोळा झाला होता. पिस्टन त्यातून ओढत चालला होता. तुम्ही ओरडला नाहीत. "जिथे गॅस येतो तिथे कोरडं बरं असतं," एवढंच म्हणालात आणि फडकं माझ्या हातात दिलंत.

पुसता पुसता तुम्ही जे सांगितलंत ते मला आयुष्यभर पुरेल. काडतूस उडालं की छर्रे नळीतून बाहेर पडायच्या आतच मागचा थोडा गॅस त्या भोकांतून खाली उतरतो, पिस्टनला ढकलतो, आणि बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग, मागे जातो तो त्या ढकलण्यावर. काडतूस हलकं तर ढकलणं कमी. माझ्या बंदुकीत जास्तीचा गॅस बाहेर सोडणारी झडप आहे, तिच्या स्प्रिंगवर एक नट आहे. तो जड काडतुसांसाठी सैल ठेवला होता. जड काडतुसाला ते बरोबरच, नाहीतर बोल्ट मागे जाऊन आपटत राहतो आणि बंदूक आतून फुटते. पण माझ्या चोवीस ग्रॅममध्ये मुळात जेवढा जोर होता, त्यातला बराचसा त्या झडपेतून वाया जात होता. बोल्ट अर्ध्यातून परत फिरत होता.

आणि मग तुम्ही ते वाक्य बोललात. "गॅसच्या बंदुकीला खांद्याचं फारसं पडलेलं नसतं. इनर्शियावर, म्हणजे गॅसऐवजी नुसत्या धक्क्यावर चालणारी असती तर मी तुमचा खांदा बघितला असता. इथे तुमच्या खांद्याचा काय संबंध?"

काका, मी तेव्हा फडकं घेऊन पाठ फिरवली, ते डोळ्यांत काजळी गेली म्हणून नाही.

तुम्हाला कळलं असणार, कारण तुम्ही लगेच ब्राउनिंगची गोष्ट काढलीत. जॉन ब्राउनिंगने 1900 साली पेटंट घेतलेली ती ऑटो-5. तिच्यात गॅसचा प्रकारच नाही, धक्क्याने अख्खी नळी मागे येते, आणि तिला आवरायला मॅगझीनच्या नळीवर कड्या असतात. हलक्या काडतुसाला त्या एका तऱ्हेने लावायच्या, जड काडतुसाला दुसऱ्या. बदलायचं राहिलं तर हलक्याला बंदूक अडते, आणि जड काडतुसाने असे हादरे बसतात की पुढचं लाकूड तडकतं. मग 1963 ची रेमिंग्टन 1100, गॅसवर चालणारी. तिच्यात साध्या आणि मॅग्नम, म्हणजे जास्त जोराच्या काडतुसांसाठी नळ्या वेगळ्या आणि भोकांचा हिशेब वेगळा. पुढे 1987 मध्ये त्याच घराण्यातली 11-87 आली, तिने दाब आपोआप सांभाळायची सोय केली. शंभराहून जास्त वर्षं भले भले कारागीर हाच हिशेब सोडवत आले, आणि मला मात्र पाच महिने सांगितलं जात होतं की दोष तुमच्या अंगात आहे.

पण हे सगळं मी कुठेतरी वाचूनही शिकले असते. मला जे लिहायचं आहे ते पुढचं आहे.

नट कुठे आहे ते तुम्हाला दिसलं होतं. काय करायचं तेही ठाऊक होतं. तुमच्या जागी दुसरा कुणीही असता तर त्याने पाना लावला असता आणि फिरवला असता. तुम्ही पाना उचललात आणि परत खाली ठेवलात. खिशातून पांढऱ्या रंगाचं पेन काढलंत, टोपण दातात धरलंत. नट आणि त्याच्याखालचा भाग, दोन्हींवरून मिळून एक बारीक रेघ ओढलीत. हात जराही हलला नाही. मग त्या रेघेवर फुंकर मारत, ती वाळेपर्यंत थांबलात. मी विचारलं, हे कशाला? तुम्ही म्हणालात, "मी चुकलो तर इथे परत येता आलं पाहिजे."

पाच महिन्यांत मला सल्ला देणाऱ्यांपैकी एकालाही आपण चुकू शकतो असं वाटलं नव्हतं. ड्रिल घेऊन बसलेल्यांना तर नाहीच. भोक एकदा मोठं झालं की ते लहान होत नाही, हे त्यांना माहीत नसेल असं कसं म्हणू? बंदूक त्यांची नव्हती, एवढंच. आणि इथे ज्यांना सगळ्यात जास्त कळत होतं ते एकटेच परतीची वाट आखत होते. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावताना माणूस कसा असावा, हे मला त्या अर्ध्या मिनिटात दिसलं.

रेघ वाळल्यावर पाना तुम्ही माझ्या हातात दिलात, हेही विसरणार नाही. "बंदूक तुमची आहे, तुम्ही फिरवा." किती फिरवला ते मी इथे लिहीत नाही. प्रत्येक बंदुकीचं वेगळं असतं, झडप आणि नट सगळ्यांत असतातच असंही नाही. कुणी माझा आकडा वाचून आपल्या बंदुकीवर चालवू नये. आपल्या बंदुकीचं माहितीपुस्तक वाचावं आणि जाणत्या माणसाला विचारावं. पण नट फिरला तेव्हा ती रेघ मधोमध तुटली, अर्धी वर, अर्धी बाजूला, आणि त्या दोन टोकांमधलं अंतर बघून मला पहिल्यांदा कळलं की आपण नेमकं किती बदल केला आहे. इतके दिवस सगळे अंदाजाने बोलत होते. इथे अंतर डोळ्यांना दिसत होतं.

तुम्ही एकच काडतूस भरायला लावलंत. मी तीन उचलली होती, दोन परत ठेवायला लावलीत. एकच बार, आणि बोल्ट मागे जाऊन उघडाच राहिला पाहिजे, असं सांगितलंत. तबकडीही नको म्हणालात, मोकळ्या बांधाकडे. मी बार काढला. तो आवाज मी आधी कधी ऐकलाच नव्हता, बोल्ट मागे जाऊन पक्का अडकल्याचा खणखणीत आवाज. पुंगळी तीन पावलांवर जाऊन पडली. तुम्ही बंदुकीकडे बघितलंच नाहीत, पुंगळीकडे बघत होतात. मग दोन काडतुसं. मग जोडीच्या तबकड्या.

दोन्ही फुटल्या. तुम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत, शाबासकी दिली नाहीत. पेनाचं टोपण लावून खिशात टाकलंत आणि "आता पन्नास काडतुसं असंच चालू द्या, मग पुन्हा उघडून बघा" म्हणून आपल्या लेनकडे निघून गेलात. पैशांचं विचारायला मी मागे धावले, तर तुम्ही इयर-मफ चढवलेले होते.

त्यानंतर अडीचशेच्या वर काडतुसं झाली आहेत. त्यातलं एक अडकलं, तेही पुंगळीची कडाच चेपलेली होती. खांद्यावरचा डाग गेला. ज्यांच्याशी विकायचं बोलले होते त्यांना नकार कळवला.

आणि ज्यांनी खांदा सैल म्हटलं होतं, त्यांच्यापैकी दोघांनी मागच्या रविवारी बंदूक बदलली का म्हणून विचारलं. मी फोरएंड, म्हणजे नळीखालचा पुढचा दस्ता, काढून त्यांना ती रेघ दाखवली. एकाने शांतपणे विचारलं, ही कुणी आखली? मी तुमचं नाव सांगितलं. दुसरे काही न बोलता गेले. त्यांनी माझी माफी मागावी असं मला वाटतं, आणि ते मी लपवणार नाही. पण पुढच्या वेळी नव्या कुणाची बंदूक अडली, तर त्यांनी आधी खाली वाकून पुंगळ्या बघितल्या तरी मी ते विसरायला तयार आहे.

तुमच्यासारखी माणसं रेंजवर फार मागे उभी असतात, काका. त्यांना पुढे येऊन बोलायची सवय नसते, आणि ज्यांना असते त्यांचाच आवाज नव्या माणसाच्या कानावर आधी पडतो. मी तुम्हाला पाच महिने आधीच विचारायला हवं होतं. तुम्ही तेव्हाही तिथेच, शेवटच्या लेनवर होतात.

एक काम अजून बाकी आहे. पुढच्या महिन्यात मला 28 ग्रॅमची काडतुसं वापरायची आहेत, म्हणून नटाच्या नव्या जागेवर मी आपल्या हाताने दुसरी रेघ ओढून ठेवली आहे, पिवळी. तुमच्याइतकी सरळ आलेली नाही. पांढरीला हात लावलेला नाही. रविवारी पेटी घेऊन येते, एकदा बघून द्या.

तुमची आभारी,
तिसऱ्या लेनवरची