शुभा, त्या सहीबद्दल

प्रिय शुभा,

रविवारी फोनवर, १९८१ च्या इथल्या तुरुंगातल्या उपोषणाचं आणि मरणाच्या दारातल्या पोरांवर उपचार करा म्हणून आयांनी करायच्या सहीचं बोलणं निघालं तेव्हा तू म्हणालीस ना, "मी असते तर पहिल्याच दिवशी सही केली असती, आई म्हणवायचं आणि पोराला मरू द्यायचं म्हणजे काय", ते तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. मी तेव्हा गप्प बसले कारण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं आणि मला रडू आलं असतं. म्हणून लिहायला बसलेय, लांबलचक होणार आहे, सवडीने वाच.

इथे उत्तर आयर्लंडमध्ये, पश्चिम बेलफास्टात राहायला येऊन मला सहा वर्षं झाली, पण शेजारच्या आजी माझ्याशी मोकळं बोलायला लागल्या ते गेल्या हिवाळ्यापासून. ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांचा थोरला, ब्रिटनचं राज्य नको, आयर्लंड एक हवं म्हणणाऱ्या रिपब्लिकनांपैकी, लाँग केशमध्ये होता. सरकारी नाव मेझ तुरुंग, पण इथली जुनी माणसं अजून लाँग केशच म्हणतात, लिस्बर्नजवळ हवाई दलाचा जुना तळ होता तिथे तो तुरुंग होता. आजी गोष्ट सुरू करतात ती कायम ९ ऑगस्ट १९७१ पासून, त्या पहाटे ब्रिटिश सैन्याने घराघरात शिरून ३४२ जणांना उचललं, खटला नाही, आरोप नाही, सरळ स्थानबद्ध. सैन्याच्या गाड्या गल्लीत वळल्या की बायका कचऱ्याच्या डब्यांची झाकणं फुटपाथवर आपटायच्या, पुढच्या गल्लीतल्यांना कळावं म्हणून. आजी म्हणतात तो आवाज ऐकत माझा पोरगा मोठा झाला, आणि एवढं बोलून थांबतात.

त्याला पकडलं १९७७ मध्ये, एकोणीस वर्षांचा होता. ज्युरी नसलेलं कोर्ट, एकच न्यायाधीश, शिक्षा चौदा वर्षं. गाडीत बंदूक सापडली होती, आजी ते लपवत नाहीत, माझा मुलगा देवदूत होता असं त्या कधीच म्हणत नाहीत आणि म्हणूनच मला त्यांचं सगळं खरं वाटतं.

आता मुद्दा असा की १ मार्च १९७६ नंतरच्या गुन्ह्यांसाठी सरकारने राजकीय कैद्यांसारखी वेगळी वागणूक बंद करून टाकली होती. म्हणजे तुरुंगाचा गणवेश घाला, तुरुंगाचं काम करा, तुम्ही साधे गुन्हेगार. सप्टेंबरात किअरन न्यूजंट नावाच्या पोराने गणवेश घालायला नकार दिला आणि अंगावर नुसतं ब्लँकेट घेऊन बसला, मग त्याच्या मागोमाग शेकडो जण. पण नियम असा की गणवेश घातल्याशिवाय भेट नाही. तू विचार कर गं, पोरगा आत उघडा बसलाय आणि तो गणवेश घालणार नाही म्हणून आईला त्याचं तोंड दिसणार नाही. आजींनी सोळा महिने मुलाला बघितलं नव्हतं.

मग आतल्या मुलांनीच ठरवलं की महिन्याची भेट घ्यायची, तेवढ्यापुरता गणवेश चढवायचा, कारण बाहेर निरोप जायला हवेत. त्या पहिल्या भेटीचं आजींनी मला तीनदा तरी सांगितलंय आणि दर वेळी अगदी तसंच. बेलफास्टहून मिनीबस, मग झडती, मग तुरुंगाच्या आवारात बंद व्हॅन जिच्यातून बाहेरचं काही दिसत नाही, मग एक छोटी खोली आणि टेबल. दार उघडलं आणि दाढी वाढलेला, गालफडं बसलेला, पिवळट पडलेला कोणीतरी आत आला, तर या त्याच्या मागे बघत राहिल्या, आपला कधी येतोय म्हणून. तो "मॅमी" म्हणाला तेव्हा कळलं. शर्टाची बाही मनगटाच्या बरीच वर राहिली होती, आत गेल्यावर उंची वाढलेली पोराची! त्या म्हणतात, मी सगळा वेळ त्या मनगटाकडे बघत होते कारण तोंडाकडे बघितलं असतं तर रडले असते, आणि रडायचं नाही हे सगळ्या बायकांनी मिनीबसमध्येच एकमेकींना बजावलेलं असायचं. अर्धा तास. शेजारी वॉर्डर उभा. निघताना गळ्यात पडून तोंडाला तोंड लावलं की एक बारकी पुडी इकडून तिकडे व्हायची, सिगरेटच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेलं. आजींनी अशा कितीतरी आणल्या, त्यातली एकही त्यांच्यासाठी नव्हती.

मार्च १९७८ पासून तर मुलांनी निषेध म्हणून अंघोळही बंद केली, भिंतींना मैला फासला. त्या उन्हाळ्यात आर्माचे कॅथलिक आर्चबिशप टोमास ओ फी आत जाऊन आले आणि म्हणाले की याच्या सगळ्यात जवळ जाणारं, आपण पाहिलेलं दृश्य म्हणजे कलकत्त्याच्या झोपडपट्टीत गटाराच्या पाइपात राहणारी माणसं. आजींनी हे मला भीत भीत सांगितलं, मी भारतातली ना, मला वाईट वाटेल म्हणून. वाईट वाटलंच, पण त्यांच्याचसाठी, कारण ही बातमी त्यांनी स्वयंपाकघरात रेडिओवर ऐकली होती, मुलाने भेटीत यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

घरात रडत बसण्यापेक्षा या बायका रस्त्यावर उतरल्या हेही तुला सांगायला हवं. कैद्यांच्या नातेवाइकांच्या समित्या १९७६ पासूनच होत्या, त्यात आया आणि बायकाच जास्त. थंडीत अनवाणी, अंगावर ब्लँकेट लपेटून मोर्चे काढायच्या. आजी त्याआधी चर्च आणि दुकान सोडून कुठे गेल्या नव्हत्या. कैद्यांच्या पाच मागण्या होत्या, गणवेश नको, तुरुंगाचं काम नको वगैरे, पण त्यातली एक होती आठवड्याला एक भेट, एक पत्र, एक पार्सल. मला कायम वाटतं की ती मागणी आयांनी लिहिल्यासारखी आहे.

आता सही. या मागण्यांसाठी कैद्यांनी केलेलं १९८० चं उपोषण ५३ दिवसांनी सुटलं पण हाती काही लागलं नाही, मग १ मार्च १९८१ ला बॉबी सँड्स नावाच्या कैद्याने पुन्हा सुरू केलं. उपोषणावर असतानाच तो खासदार म्हणून निवडून आला, ३०,४९२ मतं, लोकांना वाटलं आता तरी पंतप्रधान थॅचरबाई नमतील. नाही नमल्या. ५ मेच्या पहाटे तो गेला, ६६ वा दिवस, वय २७, आणि ती झाकणं पुन्हा वाजली, आजी म्हणतात बातमी सांगायला कोणी यायची गरजच पडली नाही.

हे उपोषण कसं होतं माहितीये? ताटं रोज खाटेपाशी आणून ठेवायचे. शुद्धीवर असेपर्यंत मुलाचा शब्द शेवटचा, डॉक्टर जबरदस्ती करणार नाहीत. पण शुद्ध गेली की निर्णय जवळच्या नातेवाइकाचा. म्हणजे शुभा, पहिल्या दिवशी सही करायची सोयच नव्हती! सही करता यायची ती अगदी शेवटी, जेव्हा त्याने तुला आधीच बजावून ठेवलेलं असतं की आई, तू मधे पडू नकोस, आणि आता तो विचारायला शुद्धीवर नाहीये. सँड्सच्या आईने, रोझलीन सँड्सने, मुलाला तसा शब्द दिला होता आणि तो पाळला, वर लोकांना सांगितलं की शांत राहा, यापायी आणखी कोणी मरू नये.

जुलै संपता संपता सहा जण गेले होते. फादर डेनिस फॉल घरच्यांना सांगत होते की यातून आता काही निघणार नाही, निदान तुम्ही तरी त्यांना वाचवा. आणि मग ३१ जुलै. पॅडी क्विनचा ४७ वा दिवस, त्याची हालत बघून आईने सांगितलं, उपचार करा. पहिली आई ती. आता त्याच वेळी, त्याच तुरुंगात, केव्हिन लिंच आणि किअरन डोहर्टी शेवटच्या घटका मोजत होते. लिंच दुसऱ्या दिवशी गेला, ७१ व्या दिवशी, डोहर्टी त्याच्या दुसऱ्या दिवशी, ७३ व्या. तीन घरं, तीन दिवस. एका घरात पोरगा जिवंत पण आईला भीती की तो उठल्यावर आपल्याशी बोलेल का, इतर पोरं गेली आणि माझा कसा काय राहिला हे तो आयुष्यभर वागवेल का. दुसऱ्या दोन घरांत पोरगा गेलेला आणि आता कळतंय की थांबवता येत होतं. यातली कुठली आई कमी आई गं? मला नाही ठरवता येत, आणि जे ठरवतात त्यांचा मला राग येतो, तुझाही आला होता, खरं सांगते.

ऑगस्ट-सप्टेंबरात मग आणखी घरांनी तेच केलं. लॉरेन्स मॅक्यूनच्या आईने तर ७० व्या दिवशी. ३ ऑक्टोबरला उपोषण थांबलं आणि तीन दिवसांनी सरकारने स्वतःचे कपडे घालायला परवानगी दिली! दहा जण गेल्यावर.

आणि आजी दुसऱ्या बाजूचंही विसरू देत नाहीत. सँड्स गेला त्या पहाटे दुधाच्या गाडीवर दगडफेक झाली, त्यात दूधवाला आणि त्याच्याबरोबर आलेला त्याचा १४ वर्षांचा मुलगा दोघंही गेले. त्या काही वर्षांत कितीतरी तुरुंग कर्मचाऱ्यांना गोळ्या घातल्या, त्यांच्याही आया होत्याच. आणि लॉयलिस्ट, म्हणजे ब्रिटनबरोबरच राहायचं म्हणणाऱ्या, कैद्यांच्या आयाही त्याच तुरुंगात भेटीला यायच्या. बाहेर क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी भेटीला येणाऱ्यांसाठी चहाची सोय केली होती, तिथे आजींच्या शेजारी एकदा शँकिलची, म्हणजे बेलफास्टातल्या लॉयलिस्ट वस्तीतली, एक बाई बसली होती, दोघींनी एकमेकींची नावं विचारली नाहीत, पण त्या बाईने आपल्या पर्समधली डोकेदुखीची गोळी आजींना दिली. आजींना तिचे हातमोजे अजून आठवतात, हिरवट रंगाचे.

आजींचा मुलगा उपोषणाच्या यादीत होता, पण त्याची पाळी यायच्या आत ते थांबलं. पुढे सुटला, आता साठी ओलांडलीये, दर गुरुवारी येतो आणि आईची कचऱ्याची पेटी बाहेर ठेवून जातो. मी एकदा हिंमत करून आजींना विचारलं, वेळ आली असती तर केली असती का सही? बराच वेळ गेला. मग म्हणाल्या, सकाळी उठले की वाटायचं करणार, रात्री निजताना वाटायचं नाही करणार, आणि तो सबंध उन्हाळा तसाच गेला.

तर हे सगळं असं आहे. तुझं उत्तर अजून तेच असेल तर तसं लिही, मी अबोला धरणार नाही, पण लिहायच्या आधी तेवढा ३१ जुलैचा भाग एकदा परत वाच. आणि गुडघ्याचं काय झालं ते कळव, डॉक्टरकडे गेलीस का नाही?

तुझीच,
नीला