१९९१ सालच्या त्या कॅसेट्स

संपादक साहेब नमस्कार,

१९९१ ला मी अकरावीला होतो पुण्यात, आणि त्या एका वर्षात रॉकचे जेवढे भारी अल्बम आले तेवढे नंतर कधी एका वर्षात आले असं मला तरी वाटत नाही. ऑगस्टमध्ये मेटालिकाचा काळ्या कव्हरवाला, पर्ल जॅमचा टेन, सप्टेंबरमध्ये गन्स अँड रोझेसचे एकाच दिवशी दोन, आणि २४ तारखेला निर्वाणाचा नेव्हरमाइंड. आपल्याकडे हे सगळं उशिराच पोचायचं, मित्राच्या भावाने ९० मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर भरून दिलं तेव्हा ऐकलं. मेटालिकाचा अल्बम तासाभराचा, म्हणजे एका बाजूला मावायचाच नाही, मध्येच गाणं तुटायचं आणि कॅसेट उलटी करायची, अजूनही ते गाणं लागलं की त्या जागी माझा हात आपोआप पुढे जातो.

पण मनात घर केलं ते क्वीन बँडच्या इन्युएंडो या अल्बमने. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला, तिथंच पहिला बँड काढलेला. आजारी असताना, उभं राहणं कठीण असताना तो माणूस असा गायला! २४ नोव्हेंबरला तो गेला. बातमी वाचून मी क्लास बुडवला आणि दुपारभर तीच कॅसेट ऐकली, आई जेवायला हाक मारत होती तरी उठलो नाही.

तुमच्या पुरवणीत त्या वर्षावर एक पान छापा ना, आमच्या वयाचे बरेच जण वाचतील.

– एक वाचक, पुणे